सुतळीने बांधलेले पेशंट

आमच्या सरांनी लग्नाचा निर्णय बशीतले पोहे संपायच्या आत घेतला होता. मुलगी बघायला गेले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "पसंत आहे." भाईंदरच्या इंद्रलोकमधला फ्लॅट त्यांनी इमारतीला अजून जिना नसताना घेतला. बिल्डरने हवेत बोट दाखवून "तुमचा तिसरा मजला तिथे येईल" असं सांगितलं आणि सर म्हणाले, "चालेल." मुलीची शाळाही अशीच ठरली. ज्या शाळेसमोर रिक्षा बंद पडली, तीच. हे सगळं मला त्यांच्या बायकोने, म्हणजे आम्ही ज्यांना काकू म्हणायचो त्यांनी, वेळोवेळी सांगितलेलं आहे, आणि काकू कोणाची भीड ठेवून बोलणाऱ्यातल्या नव्हेत.

हाच माणूस पेशंटची माहिती एक्सएमएलमध्ये कशी बांधायची, एवढं एक ठरवायला जवळजवळ वर्षभर बसला होता.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वरच्या मजल्यावर आमच्या कंपनीचा गाळा होता. खाली स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. दिवसभर ठणठणाट चालायचा आणि तो थांबला की आम्हाला कळायचं, जेवायची सुट्टी झाली. आम्ही छोट्या हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. मालक शेठ. शेठ हिशोबाला पक्के आणि मनाने चांगले. फक्त कुठलंही काम "दो दिन का है" यापलीकडे मोठं असू शकतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता. सर आमचे आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणारे. पन्नाशी ओलांडलेले, मूळचे रत्नागिरीचे, आधी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीत होते. ती का सोडली असं विचारलं तर म्हणायचे, "तिथे सगळं आधीच ठरलेलं होतं."

मी इंटरव्ह्यूला गेले तेव्हा त्यांनी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. विचारलं, "घरात तू कोणाची कोण?"

मी म्हटलं, "मुलगी."

"आणि?"

"बहीण. एका बाजूने भाची, एका बाजूने पुतणी."

"म्हणजे माणूस एक आणि नाती चार. ही चारही नाती आहेत तशी एका कागदावर उतरवून मला पोस्टाने पाठवायची. कशी पाठवशील?"

मला वाटलं, हे स्थळ बघायला आलेत की काय. मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा मीच येते ना." सर एवढे हसले की खालच्या कारखान्यातला माणूस वर डोकावून गेला. नोकरी मिळाली. तो प्रश्न विनोद नव्हता, कंपनीला खरंच सतावत होता, हे मला नंतर कळलं.

सांगायला सोपं आहे. कॉम्प्युटरच्या पोटात आमचा पेशंट एकटा नसतो. त्याला डॉक्टर ठाऊक असतो, डॉक्टरला त्याचे सगळे पेशंट ठाऊक असतात. बेडला पेशंट ठाऊक, पेशंटला बेड. सगळ्यांचे हात सगळ्यांच्या हातात, असं ते जाळं. पण हीच माहिती विमा कंपनीकडे पाठवायची, तर ती एक्सएमएलमध्ये मागायचे. आणि एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. मोठ्या डब्यात छोटा, त्यात त्याहून छोटा, प्रत्येकाला आपापलं झाकण. जाळं डब्यात बसवायचं कसं, हा प्रश्न. जगभरच्या लोकांनी त्यासाठी तयार पद्धती काढून ठेवलेल्या आहेत. त्यातली एक निवडायची, एवढंच सरांचं काम होतं.

सरांना त्या सगळ्या पद्धती पाठ होत्या आणि प्रत्येकीबद्दल मत होतं. विमा कंपनी एक नमुना देते, त्यातून मशीनने आपले क्लास, म्हणजे प्रोग्राममधले पेशंट-डॉक्टर-बेडचे साचे, आपोआप काढून घ्यायचे, ही एक पद्धत. सर म्हणायचे, "हे घरजावई होणं. जेवण वेळेवर मिळतं, पण आज भाजी कोणती ते विचारायचं नाही." काहीही न सांगता जे समोर असेल ते जसंच्या तसं लिहून टाकणारी एक लायब्ररी, म्हणजे आयता प्रोग्राम, होती. "हा लग्नातला फोटोवाला. नवरानवरी काढतो आणि मागे नाक पुसणारा काकाही काढतो." सगळं स्वतःच्या हाताने ओळ न् ओळ लिहायचं, ही तिसरी. "घरचा स्वयंपाक. चवीला तोड नाही. पण रोज कोण करणार?" आणि चौथी, आपल्याच क्लासमध्ये प्रत्येक गोष्टीवर एकेक खूण लावून ठेवायची, की बाहेर जाताना तुझं नाव हे आणि तुझी जागा ही. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात लोकप्रिय. सर तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. "आपल्या माणसाच्या कपाळावर दुसऱ्याच्या घरचा पत्ता गोंदवायचा?"

आमच्यात निलेश नावाचा मुलगा होता. माझ्याहून दोन वर्षांनी सीनियर, हुशार आणि घाईत. तो म्हणायचा, "सर, गोंदवू या ना. पुसता येतं." सर म्हणायचे, "गोंदण पुसता येतं असं कोणी सांगितलं तुला?" आणि मीटिंग संपायची.

क्लास, ऑब्जेक्ट वगैरे शब्द सर फारसे वापरत नसत. ते माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. मी एकदा बेडच्या क्लासमधली सगळी माहिती बाहेरून कोणालाही वाचता येईल अशी लिहिली, तर माझ्या टेबलाशी येऊन गंभीरपणे म्हणाले, "अगं, ह्या बेडला काही खाजगी आयुष्य आहे की नाही?" स्वतःच्या खुर्चीवर ते क्वचित बसत. हातात चहाचा कप घेऊन फिरत राहत आणि चहा निवून साय धरली की तो कप ज्याच्या टेबलाशी असतील त्याच्याकडे ठेवून पुढे जात. संध्याकाळी निघताना आमच्यापैकी कोणाच्या टेबलावर किती कप आहेत यावरून आज कोणाच्या कामात किती घोळ होता ते कळायचं. खिडकीतून लांब मिठागरं दिसत. तिथे उभे राहून विचार करायचे आणि मध्येच मागे वळून म्हणायचे, "पण मग नर्सचं काय?" नर्सचं काय, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नसे. आम्ही मान डोलवायचो.

त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. खाली वडापावच्या गाडीवर जाऊन विचारायचे, "भैया, ये पाव ताजा है की कालचा है?" भैया इतक्या वर्षांत शिकला होता. तो म्हणायचा, "आजचा है, साहब."

एक दुपार मात्र आमच्यातलं कोणी विसरणार नाही. शेठनी त्या सकाळी अखेरचं सांगितलं होतं की या महिन्यात काहीतरी एक फायनल करा. सर खाली गेले आणि कारखान्यातून सुतळीचा गुंडा घेऊन वर आले. भांड्यांची खोकी बांधायची असते ती जाड, टोचरी सुतळी. आम्हाला सगळ्यांना बाहेरच्या पॅसेजमध्ये उभं केलं. निलेश डॉक्टर. मी आई. अकाउंट्स बघणारे पाटीलकाका, वय साठ, मोठ्या मिशा, ते बाळ. टेस्टिंगची शबाना बेड. ऑफिसबॉय रजेवर होता म्हणून वॉर्डची जागा कचऱ्याच्या डब्याने घेतली.

"आता जो ज्याला ओळखतो त्याला सुतळी बांधा," सर म्हणाले.

मी डॉक्टरला बांधली, डॉक्टरने मला. मी बाळाला, बाळाने मला. बेडने दोघांना. वॉर्डने कोणाला बांधली नाही, पण त्याला सगळ्यांनी बांधलं. पाच मिनिटांत पॅसेजमध्ये असा गुंता झाला की समोरच्या गाळ्यातला प्लास्टिकवाला चहा सोडून बघत उभा राहिला.

"छान," सर म्हणाले. "हे आपलं पोटातलं जाळं. आता ह्याचं झाड करायचंय. प्रत्येकाला वरून एकच सुतळी. आईपासून सुरू करा."

आईपासून सुरू केलं. आईच्या खाली बाळ. बाळाला कोण ठाऊक? आई. म्हणजे बाळाच्या खाली आई. आईच्या खाली बाळ. शबाना म्हणाली, "सर, ये तो घूमताच रहेगा." निलेशने खिशातून कात्री काढली. तो तयारीतच आला होता. बाळाकडून आईकडे जाणारी सुतळी त्याने कापली आणि म्हणाला, "झालं. आई बाळाला ओळखते, बाळाने आईला ओळखायची काय गरज आहे? बाळ आईच्या डब्यातच तर जाणार. एक खूण लावायची, की ही सुतळी बाहेर पाठवू नका. दहा मिनिटांचं काम."

सरांनी ते कापलेलं टोक उचललं. मग म्हणाले, "आणि आई घरी गेली तर?"

नेमके तेव्हा शेठ जिना चढून वर आले. समोर पाटीलकाका कमरेला सुतळी बांधून उभे. शेठनी एकेकाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "शूटिंग चालू आहे का?"

निलेशने समजावलं. शेठ हसले. "अरे साहेब, मा बच्चे को छोड के घर कशाला जाएगी? निलेश का दस मिनिट का है ना? तो वोही करो."

सरांनी उरलेली सुतळी परत गुंडाळायला घेतली. शेठच्या विरुद्ध बोलायला त्यांच्याकडे काहीतरी ठरलेलं असायला हवं होतं, आणि ठरलेलं काहीच नव्हतं. निलेशची पद्धत चुकीची आहे हे ते सांगू शकत होते. बरोबर कोणती, हे नाही. निलेशने तो दिवस संपायच्या आत खुणा लावल्या, एक्सएमएल भराभर बाहेर पडायला लागलं, आणि आम्ही खालून जिलेबी मागवली. सरांनीही खाल्ली. मला हळूच म्हणाले, "छान आहे. पण नर्सचं काय?"

पुढचे कित्येक महिने काहीही बिघडलं नाही. हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण अशा गोष्टी सांगताना लोक लगेच वादळ आणतात. आमच्याकडे वादळ आलं नाही. हॉस्पिटलं खूष, शेठ खूष, निलेशला बढती. सर मधल्या काळात बिनकामाचे झाल्यासारखे झाले. त्यांचं मोठं काम दुसऱ्याने दहा मिनिटांत केलं होतं. ते अजून खिडकीशी उभे राहत, पण आता कोणी मान डोलवत नसे. नवीन आलेली मुलं त्यांना हळू आवाजात "सुतळी सर" म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. एकदा त्यातल्या एकाला म्हणाले, "सुतळी वाईट नसते रे. गाठ कुठे मारायची ते कळलं पाहिजे."

मग एका सकाळी शांती नगरमधल्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. ते आमच्या घराजवळ, आम्ही लालबागहून इथे राहायला आलो तेव्हापासूनचं ओळखीचं. फोन करणारी तिथली विम्याच्या काउंटरवरची मुलगी रडवेली झाली होती. एका बाळाचा कॅशलेस क्लेम विमा कंपनी पुन्हा पुन्हा परत पाठवत होती. निलेश सुट्टीवर गावी होता. शेठ म्हणाले, "कोणीतरी जाऊन या." मी उठले, आणि पाहते तर सर आधीच चपला घालून उभे.

काउंटरसमोर बाळाचा बाप उभा होता. खारीगावचा. खाकी शर्टावरून रिक्षावाला हे कळत होतं. बाळ वेळेच्या आधी जन्मलं होतं, कावीळ होती, म्हणून काचेत ठेवलेलं. आईला सोडलं होतं. तिला घरी जावं लागलं कारण घरी मोठी मुलगी तापाने फणफणली होती. आता बाळही बरं झालं होतं, पण क्लेम पास झाल्याशिवाय हॉस्पिटल सोडायला तयार नव्हतं. विमा आईच्या नोकरीतला. ती जवळच्याच एका कंपनीत पॅकिंगला होती.

बाप मला म्हणाला, "बाय, पोर बरा हाय. डाक्टर बोलतो घरी ने. आनि ही बाय बोलते कंपनी बोलते पोराचा कोन न्हाय. मी काय मेलेलू हाय? त्याची आय जित्ती हाय ना घरी!"

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, मैं क्या करूँ? उधर से एकच लिखके आता है, विमाधारक नाही मिला."

मी स्क्रीनवर आम्ही पाठवलेलं एक्सएमएल उघडलं. सर माझ्या खांद्यामागे वाकून बघत होते. सगळ्यात वर पेशंटचं नाव होतं: बेबी ऑफ रेश्मा. बारसं झालेलं नव्हतं, आणि बारशाआधी हॉस्पिटलात बाळाला आईच्याच नावाने ओळखतात. खाली वजन, जन्मवेळ, कावीळ, डॉक्टर, बेड, सगळं अगदी बरोबर. आणि आईची जागा रिकामी. रिकामीसुद्धा नाही, जागाच नव्हती. ती सुतळी आम्ही कापली होती.

रेश्मा भरती असताना सगळं ठीक होतं, कारण तिच्या डब्यात तिचं बाळ जात होतं. ती घरी गेली तशी तिची नोंद संपली. बाळ स्वतःच पेशंट झालं, स्वतःच्या डब्यात. आणि त्या डब्यातून आईचा रस्ता बंद.

सरांनी त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "बघ. नाव म्हणून आईचं नाव लावलं आपण, आणि आईलाच गाळलं."

मला वाटलं होतं ते "मी म्हटलं नव्हतं का" असं काहीतरी म्हणतील. कोणीही म्हटलं असतं. मी तर नक्कीच म्हटलं असतं. ते बापाकडे वळले आणि म्हणाले, "दादा, बसा. ताईंचं पूर्ण नाव सांगा."

मी खुर्चीवरून उठले. सर बसले. मला खरं तर धडकी भरली होती, कारण आता आईला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. बाळाच्या आत? बाळाच्या शेजारी? वेगळा क्रमांक देऊन? या एका प्रश्नावर सरांनी महिनेच्या महिने काढले होते, आणि समोर एक माणूस मूल घरी न्यायला उभा होता. मी मनात म्हटलं, देवा, आता ह्यांना नर्स आठवू देऊ नकोस.

सरांना काहीही आठवलं नाही. बाप सांगत गेला, सर टाइप करत गेले. आईचं नाव, जन्मतारीख, विम्याचा क्रमांक, नातं. विमा कंपनीचा नमुना एका खिडकीत उघडा ठेवला होता, तिकडे फक्त एकदा नजर टाकली. कुठेही खोडलं नाही. हाताने, ओळ न् ओळ, उघडलेल्या प्रत्येक डब्याला झाकण लावत. मी त्यांना इतक्या पटकन काही लिहिताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. काकूंच्या गोष्टीतला तो पोहे खाणारा मुलगा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

फाइल पाठवली. आम्ही थांबलो. बापाने सरांना विचारलं, "साहेब, तुमाला किती पोरा हाय?"

"एक मुलगी," सर म्हणाले. "कॉलेजात आहे."

"जल्मली तेव्हा काय झालेला तिला?"

"कोणाला?"

"तुमी पोराच्या आयचा नाव असा लिवला," बाप म्हणाला, "जसा तुमचा पोर काचेत हाय."

सर चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी ओरडली, "आ गया! ॲक्सेप्ट हो गया!" आणि बाप आमच्याकडे न बघता जिन्याकडे पळत सुटला. त्याने आभार मानले नाहीत याचं मला त्या वेळी किंचित वाईट वाटलं. सरांना नाही. बाहेर आल्यावर ते रसवंतीसमोर थांबले आणि रसवाल्याला म्हणाले, "भैया, दो ग्लास. बर्फ कम, आलं जास्त."

दुसऱ्या दिवशी शेठनी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं, "साहेब, मेरी गलती. आता तुम्ही बोलाल तसं. जितना टाइम लगे." शेठच्या तोंडून "जितना टाइम लगे" हे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. गावाहून परतलेला निलेश मान खाली घालून बसला होता. सर जिंकले होते.

आणि सर पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मला तेव्हा त्यांचा मनापासून राग आला. हॉस्पिटलात ज्या माणसाने एकही अक्षर न खोडता उत्तर लिहिलं, तो परत घरजावई आणि फोटोवाल्याची तुलना करत बसला होता. मी शेवटी जाऊन विचारलंच. "सर, तिथे तर तुम्ही पटकन ठरवलंत."

"तिथे मी काही ठरवलं नाही," सर म्हणाले. "तिथे एक आई होती आणि एक बाळ होतं. इथे सगळ्यांच्या सगळ्या आया आहेत."

मग जणू माझ्याच कामाबद्दल विचारताहेत अशा सुरात म्हणाले, "निलेश का बोलत नाही हल्ली?"

मी म्हटलं, "लाज वाटते त्याला."

सर सरळ निलेशच्या टेबलाशी गेले. हातातला निवलेला चहा त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "अरे, तुझी ती गोंदणवाली लायब्ररी. चांगली आहे."

निलेशला वाटलं, टोमणा आहे. "सर, सॉरी ना."

"सॉरी कशाला? चांगलीच आहे. फक्त तिला घरात घेऊ नकोस. कोकणात घराला ओटी असते बघ. पोस्टमन, भाजीवाला, उसने मागणारा, सगळे ओटीवर. माजघरात कोणी जात नाही. आपला पेशंट, आपली आई, आपला बेड माजघरात राहू देत जसे आहेत तसे, गुंत्यासकट. त्यांच्या अंगावर एकही खूण नको. बाहेर पाठवायचं असेल तेव्हा ओटीवर वेगळी माणसं उभी कर. साधी. विमा कंपनीला हवी तेवढीच. त्यांच्या कपाळावर काय गोंदायचंय ते गोंद. प्रत्येकाला क्रमांक दे. आई एकदाच लिही, आणि बाळाजवळ फक्त तिचा क्रमांक."

निलेश विचार करत होता. "आणि आतलं बाहेर कोण आणणार?"

"तू," सर म्हणाले. "म्हणजे तू लिहिलेला क्लास. आतलं माहीत असलेला आणि बाहेरचं माहीत असलेला तो एकटा."

"म्हणजे सर, लायब्ररी माझीच?"

"तुझीच. मी कुठे म्हणालो वाईट आहे? मी म्हणालो, जागा."

निलेश त्या दिवशी ज्या वेगाने कामाला लागला, त्यात अपराधी भावनेचा वाटा मोठा असावा. पण काम उत्तम झालं. बाळं, जुळी, दत्तक, आई घरी गेलेली, बाप दुसऱ्या हॉस्पिटलात भरती असलेला, सगळे प्रकार शबानाने घालून पाहिले. एकही क्लेम परत आला नाही. शेवटी नर्सचं काय हेही कळलं. एकच नर्स दोन वॉर्डांत असते, आणि जुन्या पद्धतीत तिच्या दोन नर्सा झाल्या असत्या. सर इतके महिने नेमकं हेच विचारत होते.

त्यानंतर साधारण वर्षभराने सरांनी नोकरी सोडली. कारण विचारू नका, कारण नव्हतं. सकाळी आले, चहा घेतला, शेठना म्हणाले, "उद्यापासून येत नाही." चहा त्या दिवशी गरम असतानाच संपवला. शेठना वाटलं दुसरी कंपनी, जास्त पगार. तसं काही नव्हतं. काकू म्हणाल्या, "रात्री म्हणाले सोडू का, मी म्हटलं सोडा. झालं."

मधल्या काळात निलेश आर्किटेक्ट झाला. आता तोही कप घेऊन फिरतो, पण ते त्याला सांगायची सोय नाही. आणि मग विमा कंपन्यांनी कळवलं की एक्सएमएल बंद. आता नव्या प्रकारात माहिती पाठवायची. दुसऱ्या एका कंपनीत माझी मैत्रीण आहे, त्यांच्याकडे या बदलाने हाहाकार उडाला. सगळ्या क्लासच्या कपाळावरची गोंदणं खरवडायची होती. आमच्याकडे निलेशने ओटीवरची माणसं काढली, नवी उभी केली, आणि आठवड्याच्या आत आम्ही खालून जिलेबी मागवली.

जिलेबी खाताना निलेश मध्येच थांबला. म्हणाला, "सरांचं सगळं गेलं गं. एक फाइल उरली नाही त्यांच्या डिझाइनची."

ते खरंच होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, आणि ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळलेलं आम्हाला चाललं नसतं. रविवारी सकाळी आम्ही इंद्रलोकला गेलो. सर दारात आले तेव्हा त्यांचे केस पूर्ण पांढरे झालेले दिसले. काकूंनी बसवलं, पाणी दिलं. निलेश खुर्चीच्या कडेवर बसला होता, एखाद्याच्या घरी वाईट बातमी घेऊन गेल्यावर बसतात तसा.

"सर, एक्सएमएल बंद झालं," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"आपली ती ओटी... ती आठवड्याच्या आत पूर्ण काढावी लागली. तुम्ही सांगितलेलं सगळं."

"पूर्ण?"

"हो, सर. काहीच ठेवता आलं नाही."

सर पुढे वाकले. "माजघरात हात लावावा लागला?"

"नाही."

"कुठेच?"

"एका ओळीलाही नाही, सर."

सर मागे टेकले. मग त्यांनी निलेशच्या आईची चौकशी केली, पाटीलकाका निवृत्त झाले का विचारलं, काकूंनी केलेलं सांदण खायचा आग्रह केला, आणि त्या विषयावर पुढे एक अक्षर बोलले नाहीत. आम्ही निघालो. जिन्यात निलेश कुजबुजला, "वाईट वाटलं असणार गं त्यांना. दाखवत नाहीत." मी काही बोलणार होते, तेवढ्यात वरून, अजून नीट न लागलेल्या दारातून सरांचा आवाज आला. स्वयंपाकघरातल्या काकूंना ते ओरडून सांगत होते. बाप ज्या आवाजात शेजारपाजारला ऐकू जाईल असं मुलगी पास झाल्याचं सांगतो, अगदी त्या आवाजात.

"अगं ऐकलंस का? माझं सगळं काढून टाकलं त्यांनी! आठवड्यात! कोणाला कळलंसुद्धा नाही!"